बाबांच्या गोळ्या आणि माझं जपानी

आमच्या घरात धड जपानी येणारी मी एकटी होते, आणि हे काही कौतुकाचं नव्हतं. पाहुणे यायचे, म्हणायचे, "अगंबाई, पोरगी काय फाडफाड बोलते!" आणि आई चहा गाळता गाळता हसायची. त्यांचं काय जातंय म्हणायला. फुनाबोरीच्या त्या फ्लॅटमध्ये फोन वाजला की आई पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघायची. दाराची बेल वाजली की बाबा कप खाली ठेवून माझ्याकडे बघायचे. गॅसवाला, दातांचा डॉक्टर, वॉर्ड ऑफिस, माझी स्वतःची शाळा, वरच्या मजल्यावरची ती बाई जिला आमच्या फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, सगळे माझ्यातूनच घरात यायचे आणि माझ्यातूनच बाहेर जायचे. समोरचा माणूस बोलून थांबला की बाबा माझ्याकडे कलायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "काय म्हणतोय गं तो?" पुण्यात सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा अहो-जाहो करणारा माणूस, पण इथे सगळ्यांचा 'तो' झाला होता, कारण त्या कुणाला मराठी कळत नव्हतं. आई डोळे वटारायची. बाबा म्हणायचे, "अगं, त्याला काय कळतंय?" आणि मी दोघांच्या मधे उभी.

गाळायला मी कधी शिकले ते नेमकं सांगता येणार नाही. बहुतेक सहावीत. वर्गशिक्षिका पालकसभेत दहा मिनिटं बोलल्या, की चारू हुशार आहे पण डब्याच्या वेळी एकटी बसते, मिसळत नाही, घरी काही अडचण आहे का. बाबांनी विचारलं, काय म्हणतेय गं ती? मी म्हटलं, "म्हणतात, छान चाललंय." दहा मिनिटांचे दोन शब्द झाले, आकाश काही कोसळलं नाही, उलट येताना बाबांनी मला आईस्क्रीम घेऊन दिलं. मग चटकच लागली. डॉक्टरनं सांगितलेल्या पथ्यांतली निम्मी, वरच्या बाईच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा यातली अपवादांची यादी, सगळं मी गाळत गेले. खोटं म्हणायचे नाही मी त्याला. आवरतं घेणं म्हणायचे.

आता वाटतं, त्या घरात प्रत्येकजण आपापल्या डब्यात बंद होता. आई एम.एस्सी. झालेली, पण व्हिसावर 'डिपेंडंट' लिहिलेलं, त्यामुळे दिवसभर ती आणि बाल्कनीतलं कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप. थंडीत ती ते रोप आत आणून हीटरजवळ ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. बाबा सकाळी सातला जायचे, रात्री दहाला यायचे. दरवर्षी मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढायचं आणि दरवर्षी ते म्हणायचे, "हे शेवटचं वर्ष, मग पुणे." स्टेशनवरची घोषणा आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायची, दारं बंद होत आहेत, काळजी घ्या, आणि दिवसातून दोनशे वेळा ते ऐकून मला वाटायचं की खरंच कुठलं तरी दार बंद होतंय. बारा वर्षांची होते मी. त्या वयात सगळ्यांनाच कोंडल्यासारखं वाटतं म्हणतात. वाटत असेल. पण सगळ्यांच्या आईबापांचे शब्द त्यांच्या तोंडात नसतात.

अशात बाबांना बंदुकीचं वेड लागलं. म्हणजे परत लागलं. कॉलेजात एन.सी.सी.च्या कॅम्पात त्यांनी पॉइंट टू-टूची रायफल चालवली होती आणि तंबूतल्या डाळीपासून सुभेदाराच्या शिव्यांपर्यंत तो कॅम्प आम्हाला तोंडपाठ होता. ऑफिसातले मोरिता-सान, बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, अबोल गृहस्थ, नेमबाजीच्या क्लबात होते. त्यांनी एकदा बाबांना बघायला नेलं, आणि बाबा परत आले ते शिट्टी वाजवत. आई म्हणाली, "काय हो, बढती मिळाली का?" या देशात बंदूक मिळवणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड. आधी छऱ्याची, मग परीक्षा, मग संघटनेची शिफारस, डॉक्टरचा दाखला, मग कुठे टू-टू. दोन वर्षं गेली त्यात. प्रत्येक फॉर्म मी भरला. परीक्षेचं पुस्तक मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. आणि पोलीस चौकशीला घरी आले तेव्हाही मीच मधे बसले.

ते इन्स्पेक्टर फार सभ्य होते. बूट दाराकडे तोंड करून लावले, आईनं दिलेला चिवडा एकेक शेंगदाणा करून खाल्ला. आईला विचारलं, नवरा दारू पितो का, हात उगारतो का, घरात भांडणं होतात का, आणि बंदूक घरात ठेवायला तुमची हरकत आहे का. मी विचारलं. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सांग त्यांना, दारू नाही, हात नाही. भांडायला माणूस घरी असावा लागतो. पण बंदूक मला नकोय. देवाच्या फळीखाली लोखंडी कपाट आणि त्यात बंदूक! मला ते बरं वाटत नाही. स्पष्ट सांग." मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांच्या मांडीवरच्या हाताचं एक बोट हलत होतं. त्या माणसाला दोन वर्षांत मी कशाचीही वाट बघताना पाहिलं नव्हतं, फक्त याची. मी इन्स्पेक्टरांना म्हटलं, "आई म्हणते, हरकत नाही."

"सांगितलंस?" आईनं विचारलं.

"सांगितलं."

आई एवढं बोलली आणि मी एवढंसं, हे कुणालाही कळलं असतं. बाबांनी चिवड्याची वाटी इन्स्पेक्टरांच्या पुढे सरकवली.

लोखंडी कपाट आलं. नको म्हणूनही परवाना मिळाला, याचा अर्थ आईनं एवढाच घेतला की इथेही बायकोला कुणी विचारत नाही. कायद्यानं ते भिंतीत पक्कं ठोकावं लागतं, म्हणून घरमालकाची परवानगी, तीही मीच आणली. आईचे तूरडाळीचे आणि आमसुलांचे डबे माझ्या पलंगाखाली गेले आणि तेव्हापासून माझ्या उशीला आमसुलांचा वास येऊ लागला. गोळ्यांची पेटी वेगळी, तिला वेगळी किल्ली. बाबा रविवारी पहाटे उठून रायफल पुसायचे. तेलाचा वास, देवापुढची उदबत्ती आणि आईचं आदळआपट करत पोहे करणं, हे आमच्या रविवारचं मिश्रण. पण खरं सांगते, रायफल पुसताना बाबा गुणगुणायचे. आईनेही ते ऐकलं होतं. म्हणून तर भांडी आपटायची, पण बंदूक घालवा असं तिनं परत कधी म्हटलं नाही.

वर्षभर बाबा पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरत होते. कागदाला भोक पडतं, आवाज काही नाही, दुर्बिणीतून बघायचं. मग मोरिता-सान म्हणाले की त्सुकुबाच्या पलीकडच्या डोंगरात एक जुनी रेंज आहे, तिथे जवळच्या अंतरावर पोलादी चकत्या लावलेल्या असतात. गोळी लागली की वाजतात. बाबांचे डोळे असे काही चमकले! "वाजतात, चारू! लगेच कळतं, लागली की नाही!" ऑफिसात सहा सहा महिने काम करून ते कुठे लागलं याचा पत्ता लागत नसलेल्या माणसाला त्यात काय वाटलं असेल ते आज मला कळतं. त्या वेळच्या बाबांच्या वयाची मी आता झाले आहे. तेव्हा मात्र मी फक्त विचारलं, "म्हणजे मला परत यायला लागणार?"

चकत्यांसाठी गोळ्या कुठल्या घ्यायच्या हा प्रश्न होता. त्यासाठी बंदुकीच्या दुकानात जायचं होतं, आणि गेलो तो शनिवार नेमका आमच्या शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवाचा. आमच्या वर्गाचं नाटक होतं दीड वाजता. कोपऱ्यात बसून डबा खाणाऱ्या मला पहिल्यांदाच कुणीतरी भूमिका दिली होती. छोटीच, चार वाक्यांची. पण युका, जी नाटक बसवत होती, तिनं बजावलं होतं: साडेबाराला मेकअप, उशीर झाला तर दुसरी उभी करू. मागच्या दोन तालमी माझ्या बुडाल्या होत्या, एक वॉर्ड ऑफिसमुळे, एक आईच्या दाढेमुळे. बाबा म्हणाले, "अगं, अर्धा तास. गेलो आणि आलो." ट्रेनमध्ये त्यांनी मला दोनदा पढवलं. "नीट विचार हं. पोलादी चकत्या, जवळचं अंतर. सुरक्षित कुठली आणि परवडणारी कुठली. दोन्ही विचार."

दुकान नदीपलीकडच्या एका गल्लीत होतं. दुकानदार ओगाता-सान, सत्तरीचे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी पोलिसांचा परवाना दोनदा वाचला, आम्हाला बसायला स्टुलं दिली, आणि चहा केला. चहा! मी घड्याळ बघितलं, साडेअकरा. मग त्यांनी काचेवर तीन खोकी मांडली आणि सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे थांबून बघत, बोलायला लागले. पहिलं स्पर्धेतलं, महाग, ते तुमच्या वडिलांना एवढ्यात नको. दुसरं सरावाचं, साध्या शिशाची गोळी, हळू जाणारी. तिसरं जुन्या मालातलं, सगळ्यांत स्वस्त, वेगवान आणि वर तांब्याचा मुलामा. "कागदावर मारणार की पोलादावर?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर युकाचा चेहरा आला. पोलाद म्हटलं तर आणखी पाऊण तास. मी म्हटलं, "कागदावर."

ओगाता-साननी मान हलवली, पण ते थांबले नाहीत. त्यांची जातच तशी होती, सांगायचं ते पूर्ण सांगायचं. म्हणाले, कागदावर तिन्ही चालतील. पण पुढे कधी पोलादावर मारायची झाली तर हे तिसरं वापरू नका. मऊ शिसं चकतीवर आपटलं की सेंबेईसारखं, तांदळाच्या पातळ बिस्किटासारखं, चपटं होतं आणि त्याचा चुरा खाली गळतो. या वेगवान गोळीचं कवच फाटतं आणि तुकडे कधी कधी मागे येतात. चकतीला खड्डे पडलेले असतील तर हमखास येतात. चकती वरून पुढे झुकलेली हवी, सांगतील त्याच्या अलीकडे उभं राहायचं नाही, आणि डोळ्यांना कडेनं बंद असलेला चष्मा, साधा नव्हे. "हे वडिलांना सांगाल ना?" असंही ते म्हणाले. मला आजही त्यांचं ते 'ना' ऐकू येतं.

"काय म्हणतोय गं तो?" बाबा कलले.

"म्हणतात, तिन्ही चालतात."

"एवढं सगळं बोलला तो!"

"अहो बाबा, तेच ते परत परत सांगतात हे लोक. तिन्ही चालतात."

बाबांनी तिसरं खोकं उचललं. त्यावर इंग्रजीत 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे बघ, वेग जास्त आणि किंमत कमी. पुणेकराला आणखी काय पाहिजे?" आणि हसले. ओगाता-साननी माझ्याकडे बघून परत विचारलं, कागदच ना? मी म्हटलं, हो, कागदच. बारा पंचवीसला मी शाळेच्या फाटकातून आत पळाले. माझी चारही वाक्यं बरोबर आली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांइतकं मोकळं मला त्या सबंध वर्षात वाटलं नव्हतं, हे लपवून काय करू.

पुढच्या रविवारी मोरिता-सानची गाडी आली. आईनं थालीपिठं बांधून दिली, मोरिता-सानसाठी बिनतिखटाची वेगळी. मागच्या सीटवर मी, शेजारी गणिताचं पुस्तक, आणि मांडीवर थालीपिठांचा डबा. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळा रस्ता माझ्या मनात ते तिसरं खोकं नव्हतंच. खरोखर नव्हतं. गाळलेली गोष्ट माझ्या डोक्यातूनही जायची, इतका सराव झाला होता.

रेंज म्हणजे डोंगर खणून केलेली एक खाच, तीन बाजूंना मातीच्या भिंती, वर पत्र्याचं छप्पर. समोर पाच चकत्या, बशीएवढ्या. कोपऱ्यातल्या चकतीला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. मी मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसले. रेंजवरच्या माणसानं बाबांना विचारलं, "गोळ्या शिशाच्याच ना?" आणि बाबा म्हणाले, "हाय, हाय." इथे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला ही सवय असते. कळलं नाही की दोनदा 'हाय', म्हणजे 'हो', म्हणायचं, मान झुकवायची आणि हसायचं, म्हणजे समोरचा पुढे जातो. भिंतीवर तेच लिहिलेली पाटी होती, बाबांना वाचता येत नव्हती. त्या माणसानं बंद चष्म्यांच्या पेटीकडे हात केला, बाबांनी स्वतःच्या नाकावरच्या चष्म्याला बोट लावून परत "हाय, हाय" केलं. मोरिता-सान शेजारच्या जागेवर रायफल बाहेर काढत होते. मी मान वर केली होती. शिसं हा शब्द मी ऐकला. आणि तेव्हा मला आठवलं, सगळं आठवलं, ओगाता-सानच्या त्या 'ना'सकट. उठून दोन पावलं टाकायची होती. पण उठलं की सांगावं लागलं असतं, बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी मान खाली घातली. मनाशी म्हटलं, रोज कितीतरी लोक मारत असतील, काही होत नाही.

टण्! तो आवाज डोंगरात घुमला. बाबा मोठ्यानं हसले, "ऐकलंस?" परत टण्. परत. कानांवर आवाज अडवणारे कप लावलेले असूनही मला ते हसू ऐकू येत होतं. असे हसणारे बाबा मी लहानपणी पर्वतीच्या पायऱ्यांवर पाहिले होते, त्यानंतर थेट तिथे. मला वाटलं, चला, सुटलो. मग त्यांनी कोपऱ्यातल्या चकतीवर नेम धरला. टण् झालं आणि त्यामागोमाग बाबा हळूच, अगदी हळूच, म्हणाले, "आई गं."

त्यांनी रायफल टाकली नाही. आधी बोल्ट उघडून ती रिकामी केली, नळी समोर ठेवून ती खाली ठेवली, दोन पावलं मागे आले, आणि मग गालाला हात लावला. बोटांमधून रक्त आलं. चष्म्याच्या काचेखाली, डाव्या डोळ्याच्या खाली. मोरिता-सान धावले. बाबा एकच विचारत होते, मराठीत, मोरिता-सानना, रेंजवाल्याला, सगळ्यांना: "डोळा आहे ना? बघा ना कुणीतरी, डोळा आहे ना?" आणि कुणालाच कळत नव्हतं. मी बाकावरून उठूच शकत नव्हते. शेवटी ओरडले, "आहे बाबा, आहे!" पण मला तरी कुठे माहीत होतं?

त्सुकुबाच्या हॉस्पिटलात दुपारी तीनपर्यंत कुणी काही सांगेना. माणूस दिवसभर स्क्रीनकडे बघून आमचं पोट भरत होता, त्याचा डोळा. मी थालीपिठांचा डबा अजून धरूनच बसले होते. मग डॉक्टर आले. डोळा वाचला होता. बोटभर वर असतं तर गेला असता. मोठा तुकडा काढला, एक बारीक कण हाडाला लागून खोल गेलाय, तो काढण्यापेक्षा राहू देणं बरं. त्या वेळी मी एकेक शब्द बाबांना सांगितला, डॉक्टर अडखळले तिथे मीही अडखळले.

तेवढ्यात पोलीस आले. बंदुकीनं माणूस जखमी झाला की ते येणारच. आम्हाला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवलं, एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याचं चित्र. तरुण अधिकारी होता. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाला, वडिलांना विचारा, पोलादासाठी ही गोळी धोक्याची आहे हे दुकानदारानं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर दुकानाची चूक आहे, आम्हाला त्यांच्या परवान्याचं बघावं लागेल.

"काय म्हणतोय गं तो?"

मी विचारलं. गाळायचं तरी काय त्यात? बाबा खरेपणानं, जराही न थांबता म्हणाले, "नाही गं. तूच नव्हतीस का तिथे? म्हणाले ना, तिन्ही चालतात. सांग त्याला, दुकानदारानं असं काही सांगितलं नाही."

अधिकारी पेन उघडून माझ्याकडे बघत होता. बाबा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होते, दुसऱ्यावर पट्टी. मला फक्त भाषांतर करायचं होतं. एक वाक्य. ते केलं की दोरीला चष्मा बांधलेला तो म्हातारा, ज्यानं मला चहा दिला, संपला. नाही केलं तर मी संपले. कुठूनच वाट नव्हती. मी तोंड उघडलं तर जपानीही येईना आणि मराठीही येईना. शेवटी मी बाबांकडे वळून म्हटलं, "बाबा, त्यांनी सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला नाटकाला जायचं होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ते अधिकाऱ्याकडे वळले आणि माझ्याशिवाय, पहिल्यांदाच माझ्याशिवाय, तोडक्यामोडक्या जपानीत म्हणाले, "दुकान माणूस, बोलला. मुलगी, बोलली. मी, विसरला. मी वाईट." चार तुकडे. घामाघूम झाले होते तेवढ्यानं.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "वडील म्हणतात तसंच आहे का?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "हाय."

परतीच्या गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्या दिवशी इन्स्पेक्टरांना आई नको म्हणाली होती. तू ते गाळलंस. मला कळलं होतं, चारू. मला ते सोयीचं होतं म्हणून मी गप्प बसलो. तुला शिकवलं मीच." मला रडू फुटलं. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "डबा उघड. भूक लागलीय." आणि आम्ही गार थालीपिठं खाल्ली, मोरिता-साननीसुद्धा.

परवाना गेला. रायफल जमा झाली. आई पट्टी बघून आधी रडली, मग मला जवळ घेऊन बाबांवर ओरडली, "पोरीला तुम्ही वकील केलंत, डॉक्टर केलंत, भटजी केलंत! पंधरा वर्षांची आहे हो ती!" लोखंडी कपाट मात्र भिंतीतून निघेना, तेव्हा आईनं त्यात तूरडाळ आणि आमसुलं ठेवली आणि किल्ली देवाच्या फळीवर. आमच्याइतकी कडेकोट बंदोबस्तातली डाळ आमच्या अख्ख्या एदोगावा वॉर्डात नसेल. पुढच्या शनिवारी बाबा ओगाता-सानकडे गेले, आईच्या हातचे बेसनलाडू इथल्या पद्धतीनं कागदात गुंडाळून. मी चपला घालायला लागले, तर म्हणाले, "तू राहू दे." ओगाता-साननी पोलिसांना एवढंच सांगितलं होतं की आपण समजावून सांगितलं होतं. मी कागद म्हटलं होतं, हे ते कधीच बोलले नाहीत.

बाबा वॉर्डाच्या जपानी वर्गाला जाऊ लागले. चाळिशी उलटलेला माणूस दप्तर घेऊन. फोन वाजला की आता तेच उठायचे, "हाय" एकदाच म्हणायचे आणि कळलं नाही तर तीनदा विचारायचे. घरमालक, डॉक्टर, वरची बाई, सगळे त्यांच्यातून येऊ-जाऊ लागले. माझ्या तालमी बुडेनाशा झाल्या. मला पाहिजे होतं तेच झालं, आणि मला ते सहन होत नव्हतं. मी समोर बसलेली असताना बाबा शब्दकोश उघडून एकेक अक्षर शोधायचे, पण माझ्याकडे कलायचे नाहीत. 'काय म्हणतोय गं तो' हे वाक्य आमच्या घरातून गेलं. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा विचारावं त्यांनी, की मी काही न गाळता सांगेन. सत्तावीस वर्षं विचारलं नाही. पुणेही राहून गेलं ते गेलंच.

आता मी त्सुकुबात नोकरी करते, मातीचे नमुने तपासते. मातीला काही विचारावं लागत नाही आणि ती काही सांगत नाही. गेल्या महिन्यात बाबांना चक्कर आली म्हणून त्यांना इथल्या हॉस्पिटलात आणलं. ऐकू फार कमी येतं त्यांना, यंत्र घातलं की शिट्टी वाजते म्हणून ते खिशातच ठेवतात. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर, मुलगाच म्हणायचा, तोंडावर मास्क, हळू बोलणारा, पडद्यावर बोट ठेवून म्हणाला की तसं काळजीचं काही नाही, पण इथे डाव्या डोळ्याखाली हा पांढरा ठिपका, धातू दिसतोय, हे काय आहे? बाबांनी मान पुढे केली, कानाला हात लावला, आणि मग माझ्याकडे कलले.

"काय म्हणतोय गं तो?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, सगळं, ठिपका, डोळा, धातू, आणि काळजीचं काही नाही हेसुद्धा. बाबांनी गालावर बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत मला तो जुना मिश्कीलपणा दिसला, टण् ऐकून हसले होते तेव्हाचा.

"सांग त्याला, कसं झालं ते," ते म्हणाले. "आणि या वेळी पूर्ण सांग."

मी डॉक्टरकडे वळले आणि दुकानापासून सुरुवात केली.